मिस्त्री डिकीत आहेत

आमच्या साखर कारखान्यात भर ड्यूटीवर गाडीच्या डिकीत आडवं होऊन पगार घेणारा एकच माणूस होता. बाहेरचं कुणी वर्कशॉपमध्ये येऊन "मिस्त्री कुठं आहेत?" असं विचारायचं, आणि आम्ही अगदी साध्या आवाजात सांगायचो, "डिकीत आहेत." विचारणारा आधी आमच्याकडे बघायचा, मग त्या बंद डिकीकडे. तेवढ्यात आतून घुमल्यासारखा आवाज यायचा, "कोन हाय? जरा थांबा, पाणी चालू हाय."

पाणी चालू म्हणजे बाहेर एक माणूस बागेतली झारी घेऊन बंद डिकीवर पाणी सोडतोय, आणि आत मिस्त्री तोंडात बॅटरी धरून पहिला थेंब कुठून येतो ते बघत पडलेत. गळती शोधायची त्यांची हीच रीत होती. गावातले बाकीचे मेकॅनिक डिकीत पाणी आलं की नवं रबर बसवायचे, नाहीतर फटी दिसतील तिथे डांबर फासायचे आणि पुढच्या पावसापर्यंत सुखात राहायचे. मिस्त्रींना डांबराचा राग होता. डांबर लावणाऱ्याला ते मेकॅनिक म्हणत नसत, गवंडी म्हणत.

सहा फूट उंचीचा माणूस, मिलिटरीतून हवालदार होऊन आलेला. गुडघे छातीशी घेऊन ते डिकीत कसे मावत, हे मी अनेकदा डोळ्यांनी बघूनही मला कळलेलं नाही. आत शिरण्यापूर्वी ते टोपी काढून माझ्या हातात देत. मी स्टोअरचा क्लार्क. रबर, सोल्युशन, स्क्रू, वायसर सगळं माझ्या चिठ्ठीवर निघायचं, त्यामुळे आमची ओळख झाली. पुढे ती वाढत जाऊन मी त्यांचा टोपी धरणारा झालो, आणि माणूस कमी असेल तेव्हा झारी धरणाराही.

झारी धरणं हे वाटतं तितकं सोपं काम नव्हतं. पाणी खालून वर जात सोडायचं. आधी मागचे लाल दिवे, मग झाकणाची खालची कड, मग दोन्ही बाजू, मग बिजागऱ्या आणि सगळ्यात शेवटी मागची काच. वरून सुरुवात केली की आतून शिव्या यायच्या. "वरनं सोडलं की पाणी समदीकडं पसारतं. मग धरायचं कुनाला?" आणि झारी चालू असताना कुणी बोलायचं नाही. एकदा आमचे वर्क्स मॅनेजर जवळ उभे राहून कुणाशी तरी क्रिकेटवर बोलत होते. डिकीतून हुकूम आला, "बोलनाऱ्यानं लांब जावा!" साहेब खरंच लांब गेले. डिकीतल्या माणसाशी वाद कसा घालायचा, हे त्यांना सुचलं नसावं.

ते नेहमी म्हणत, "पाणी दिसतं तितनं येत न्हाई, आन येतं तितं दिसत न्हाई." म्हणून आत पडण्यापूर्वी ते डिकीच्या तळावर कोरडी रांगोळी भुरभुरायचे. पाणी कुठून कुठे गेलं त्याची रेघ रांगोळीत उमटायची. आणि शेवटी, ज्याची आम्हाला सगळ्यांना किळस यायची ते काम, म्हणजे बोट ओलं करून जिभेला लावणं. टपावरून आलेल्या पाण्याला आमच्या चिमणीच्या काजळीची चव असते आणि चाकाकडून उडालेल्या पाण्याला मातीची, असं त्यांचं म्हणणं. सांगलीचे एक डॉक्टर आपली गाडी घेऊन आले होते, त्यांना हे बघवेना. "अहो मिस्त्री, जंतू असतात त्यात!"

"असूंद्यात की," मिस्त्री म्हणाले. "जंतू बी त्याच वाटंनं आलं असतील. मागच्या डाव्या लाल दिव्याचं रबर गेलंय तुमच्या."

डॉक्टरांनी काच बदलायची तयारी ठेवली होती. दिव्याखाली रबराची एक चकती घातली आणि गाडी कोरडी झाली. त्यानंतर डॉक्टर त्यांना दिवाळीला मिठाई पाठवायचे, सोबत साबणाची वडीही.

ही खोड गाड्यांपुरती असती तर एक वेळ ठीक. मी तेव्हा माधवनगरला भाड्याने राहत होतो. घरी सत्यनारायण घातला आणि मिस्त्रींना प्रसादाला बोलावलं. हातात प्रसाद घेऊन ते छताकडे बघत उभे राहिले. घरमालक शेजारीच होते. मिस्त्री त्यांना म्हणाले, "कौलं बदलू नगासा. पाणी कौलातनं न्हाई, शेजारच्या भिंतीतनं येतंय." घरमालकांनी आठच दिवसांपूर्वी कौलं बदलली होती. ते पुढे महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. पावसाळ्यात भिंतीतूनच पाणी आलं, तेव्हा तर उरलंसुरलं बोलणंही बंद झालं.

मिस्त्रींच्या घरी गेलो की वहिनी गाऱ्हाणं सांगायच्या. "आवं, मला बघाया आलं हुतं तवा माझ्याकडं कुटं बघितलं? समदा येळ छपराकडं बघत बसलं. माझ्या आईला वाटलं, पोरगा तिरळा हाय." मिस्त्री बशीतला चहा फुंकत म्हणायचे, "छप्पर गळत न्हवतं. म्हटलं, मान्सं बरी असतील." आणि दोघंही हसायची. त्या घरात मी फार हसलो आहे.

आमच्या चेअरमनसाहेबांच्या गाडीचा ड्रायव्हर जत तालुक्यातला होता. त्याला सगळे जतकर म्हणत. बहात्तरच्या दुष्काळात घरची मेंढरं विकून झाल्यावर तो ट्रकवर क्लीनर झाला, तिथे गाडी शिकला आणि आमच्याकडे रोजंदारीवर लागला. बोलणं कमी, मधूनच कानडी शब्द. गाडी धुवायला तो कधीच पाइप लावत नसे. अर्धी बादली पाणी आणि एक फडकं, तेवढ्यात अख्खी गाडी चकचकीत करायचा. मिस्त्री त्याला चिडवायचे, "आरं गड्या, नदीकाठी ऱ्हातूस आता. जरा हात सैल सोड." तो नुसता हसायचा.

त्या वर्षी खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये नेहमीप्रमाणे हत्यारांची आणि गाड्यांची पूजा झाली. चेअरमनसाहेबांच्या आई, त्यांना सगळे आईसाहेब म्हणायचे, म्हसवडहून पितळेची पाटी करून घेऊन आल्या होत्या. 'श्री सिद्धनाथ प्रसन्न.' ती गाडीच्या डिकीवर बसवायची होती. मान अर्थातच मिस्त्रींना मिळाला. त्यांनी चार भोकं पाडली, चार स्क्रू पिळले, पाटी पुसली, हात जोडले. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि पेढे खाल्ले.

त्यानंतर पाऊस असा झालाच नाही. तुळशीचं लग्न उरकलं आणि चेअरमनसाहेबांच्या मुलीच्या लग्नाचा बस्ता काढायला घरची मंडळी पुण्याला गेली. येताना खंबाटकी घाटापासून अवकाळी पावसाने गाठलं. साताऱ्याला थांबून जतकरने डिकी उघडून पाण्याचा डबा काढला, रेडिएटरला पाणी घातलं आणि डिकी लावली. तिथून घरापर्यंत पाऊस एकसारखा ओतत होता. घरी आल्यावर डिकी उघडली तर बस्त्याची गाठोडी भिजलेली. शालूचा लाल रंग उतरून खालच्या साड्यांवर गेला होता. लग्न आठवड्यावर आलेलं, आणि घरात बायका अपशकुन झाला म्हणून रडायला लागलेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी वर्कशॉपमध्ये आणली. चेअरमनसाहेब स्वतः आले. पाळी बदलायची वेळ होती, चाळीसएक माणूस जमला. मिस्त्रींनी वाकून डिकीतल्या ओल्या गोणपाटाला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं.

"डब्याचं पाणी न्हाई. पावसाचं हाय. वरनं आलंय."

"म्हणजे गाडी गळते?" चेअरमनसाहेबांनी विचारलं.

इथे मिस्त्रींनी जे केलं ते त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. त्यांनी झारी मागितली नाही. म्हणाले, "रबर म्याच बदललंय सायेब, श्रावनात. माझ्या रबरातनं पाणी येत न्हाई. झाकण उघडं ऱ्हायलं असंल."

जतकर पुढे आला. "म्या झाकण लावलं हुतं सायेब. दोनदा दाबून बघितलं हुतं."

"मग पाणी काय उडून आत गेलं व्हय?" मिस्त्री म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो. दुपारी टायपिस्ट रजेवर होता म्हणून जतकरला कामावरून कमी केल्याचा कागद माझ्याकडेच टाईप करायला आला. त्यात 'निष्काळजीपणा' असा शब्द होता. मी तो टाईप केला, सहीला पाठवला आणि घरी जाऊन जेवलो. जतकर संध्याकाळच्या एसटीने गावी गेला. जाताना तो मिस्त्रींकडे आला नाही, माझ्याकडेही नाही.

मिस्त्री दुसऱ्या दिवसापासून बिघडले. चहा समोर ठेवला की गार व्हायचा. एक जीप डिकीच्या गळतीसाठी आली तर म्हणाले, "उद्या बघू." त्यांच्या तोंडून उद्या हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. चेअरमनसाहेबांची गाडी शेडमध्ये उभी असे. ते तिच्यापर्यंत जायचे, झाकणाच्या रबरावरून बोट फिरवायचे आणि परत यायचे. लग्न पार पडलं. त्यानंतरच्या रविवारी सकाळी ते माधवनगरला माझ्या दारात सायकल घेऊन उभे. "भाऊसाहेब, झारी धराल का?"

वर्कशॉपमध्ये रविवारी कुणी नव्हतं. मिस्त्रींनी रांगोळी भुरभुरली, टोपी माझ्या हातात दिली, अंगाची घडी करून आत शिरले आणि मी झाकण लावलं. मी नियमाप्रमाणे खालून सुरुवात केली. दिवे झाले. खालची कड, दोन्ही बाजू झाल्या. बिजागऱ्या, काच, सगळं झालं. तीन झाऱ्या संपल्या. आतून प्रत्येक वेळी एकच शब्द, "कोरडं." त्यांचं म्हणणं खरं होतं, त्यांच्या रबरातून पाणी येत नव्हतं. मलाही बरं वाटलं. म्हणजे मी टाईप केलेला शब्द चुकीचा नव्हता.

चौथ्या झारीत थोडं पाणी उरलं होतं. सिद्धनाथाच्या पाटीवर धूळ बसली होती. देवावर धूळ बघवत नाही म्हणून मी उरलेलं पाणी हळूहळू पाटीवर सोडलं आणि हाताने ती चोळली. दुसरा काही विचार माझ्या मनात नव्हता.

"थांबा!" आतून आवाज आला. "कुटं वतताय?"

"सिद्धनाथावर."

"अजून वता."

मी आणखी एक झारी भरून आणली आणि पाटीवर सोडली. बऱ्याच वेळाने आतून झाकणावर थाप पडली. उघडलं. मिस्त्री तसेच पडून होते, बॅटरी तोंडातून काढून हातात धरलेली. झाकणाला दोन पत्रे असतात, वरचा आणि आतला. पाणी स्क्रूच्या भोकांतून दोन पत्र्यांच्या मध्ये शिरत होतं आणि तिथून आतल्या आत वाहत जाऊन हातभर लांब, डाव्या कोपऱ्यात थेंबथेंब पडत होतं. बरोबर जिथे बस्ता ठेवला होता तिथे. रांगोळीत ओली रेघ उमटली होती.

"वायसर घातलं न्हाईत," मिस्त्री म्हणाले. "गुरुजी घाई करत हुतं, मुहूर्त चाललाय म्हनून. म्हटलं, देवाची पाटी हाय, हिला कशाला वायसर. चार भोकं. माझ्या हातानं."

ते बाहेर आले आणि बाकावर बसले. मला त्यांची दया आली. मी म्हणालो, "मिस्त्री, चार वायसर घाला आणि पाटी पुन्हा बसवा. साहेबांना सांगू, जुना पत्रा कुठेतरी उघडला होता. जतकर परत येईल आणि तुमचंही नाव राहील. पाटीचं कुणाला कळायचं कारण नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला झारी खाली ठेवावी लागली. "भाऊसाहेब, सोळा वर्सं मी पाण्याकडनं खरं बोलवून घेतुया. आन मीच खोटं बोलू व्हय?"

सोमवारी सकाळी ते चेअरमनसाहेबांच्या बंगल्यावर गेले. मी मागे होतो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा पारा चढला. मिस्त्रींवर चढला, आणि मला वाटतं थोडा स्वतःवरही, कारण काढून टाकण्याची घाई त्यांचीच होती. पण एकदा काढलेल्या माणसाला परत बोलावलं तर लोक काय म्हणतील, असं ते म्हणत राहिले. पाटीला आता हात लावणंही बरं दिसणार नाही, म्हणाले. आतल्या खोलीतून आईसाहेब बाहेर आल्या.

"देवानं कवा सांगितलं हुतं, मला भोकं पाडून बसवा म्हनून?" त्या म्हणाल्या. "पाटी काढा, नीट बसवा. आन त्या पोराला घिऊन या. माझ्या पाटीपायी कुनाची भाकर जायाला नगं."

साहेबांनी पत्र पाठवतो म्हटलं. मिस्त्री म्हणाले, "पत्र नगं सायेब. मी जातो."

मीही बरोबर निघालो. सांगलीहून जतची एसटी, आणि जतपासून पुढे दोन तास चालत. डिसेंबरातच तिकडची जमीन तापल्यासारखी कोरडी. जतकरचं घर गावाबाहेर होतं. त्याने चार मेंढरं पुन्हा घेतली होती आणि दिवसा कुणाच्या तरी विहिरीच्या खोदाईवर जात होता. त्याच्या आईने आम्हाला गुळाचा खडा आणि एकेक तांब्या पाणी दिलं. टँकर दोन दिवसांनी येतो, असं बोलण्यात आलं. मिस्त्रींनी तांब्या दोन्ही हातांनी धरून रिकामा केला, थेंबही सांडला नाही, आणि मग घोंगड्यावर न बसता उभ्यानेच सगळं सांगितलं. पाटी, भोकं, वायसर, सगळं. शेवटी म्हणाले, "चूक माझी हाय. सायेबांनी कामावर बोलावलंय. चल."

जतकरने रिकामे तांबे उचलून आईकडे दिले.

"कागद सायबांनी फाडला असंल," तो म्हणाला. "पर तुमी बोललासा त्ये कागदावर न्हवतं मिस्त्री. चाळीस मान्सांत बोललासा. मान्सं हसली. माझी ही आई. हिनं मला इचारलं, बाळा, खरंच झाकण उघडं ठेवलं हुतंस का? म्या न्हाई म्हटलं. तर म्हनली, मिलट्रीचा मानूस, त्यो कशाला खोटं बोलंल? माझ्या आईला माझं खरं वाटंना."

म्हातारी दारात बसली होती. तिने पदर तोंडाला लावला.

"आता कळलं हिला," जतकर म्हणाला. "पर त्या चाळीस मान्सांस्नी कोन सांगनार? तितं पुन्ना गाडी चालवायची तर मागनं हसतीलच की. मी न्हाई येत."

"मी सांगतो," मिस्त्री म्हणाले. "जितं बोललो तितंच सांगतो. तू समोर हुबा ऱ्हा."

तो आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला आणि रात्रपाळीची माणसं बाहेर पडायला लागली, तेव्हा मिस्त्री वर्कशॉपच्या दारात बाकावर उभे राहिले. सहा फूट माणूस बाकावर उभा, त्यामुळे सगळे थांबलेच. मिस्त्री फार बोलले नाहीत. "त्या दिवशी म्या सांगितलं, जतकरनं झाकण उघडं ठेवलं. त्ये खोटं हुतं. गळती म्याच पाडली हुती. पाटीच्या स्क्रूला वायसर घातलं न्हवतं. आन तपासलं बी न्हाई, मला गर्व हुता म्हनून. ज्येला हसायचं हाय त्यानं आता माझ्याकडं बघून हसा."

कुणी हसलं नाही. मीही मान खाली घातली. मी टाईप केलेला शब्द मला दिसत होता.

मग मिस्त्री खाली उतरले. पाटी काढलेली होतीच. चार भोकांना चार रबरी वायसर लावून त्यांनी ती सगळ्यांसमोर पुन्हा बसवली. टोपी माझ्याकडे दिली, आणि झारी उचलून जतकरच्या हातात ठेवली. "आता तू वत. तुझी गाडी, तूच तपास." आणि ते डिकीत शिरले. जतकरने झाकण लावलं, आणि दोनदा दाबून बघितलं.

त्याने पाणी पाटीवर सोडलं. एक झारी. आतून आवाज, "कोरडं." दुसरी झारी. "कोरडं. अजून वत." तिसरी, चौथी. पाणी गाडीवरून वाहून सिमेंटवर पसरत होतं, माणसांच्या चपला भिजत होत्या, आणि आतून थांबायचं नाव नव्हतं. आवाज बदलत चालला होता. "अजून. आरं, अजून वत!" मला वाटतं, आता गळतीसाठी ते पाणी मागत नव्हते. पाचवी झारी भरून जतकर आला, आणि ओतता ओतता थांबला. वाहून गेलेल्या पाण्याकडे त्याने पाहिलं. झारी खाली ठेवली.

"बास मिस्त्री," तो म्हणाला. "एवढ्या पाण्यात आमच्याकडं एक घर चार दिस काढतं. बास आता. भाईर या."

जतकरने झाकण उघडलं आणि हात पुढे केला. मिस्त्रींनी तो धरला, पण ते लगेच उठले नाहीत. तसेच पडून राहिले, त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून. आणि जतकरनेही तो सोडवून घेतला नाही.